पंधरा तास वीस मिनिटं

७ जुलै, सोमवार
वेळ ११४० (कुठल्या घड्याळाची, ते आठवत असेल तर आठव)

शेपूट,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो. माझ्याकडे सध्या शिल्लक नाही, तेव्हा तसंच वाच.

तुझ्या तिन्ही मेल मिळाल्या. उत्तर कागदावर देते आहे, कारण मेलला तू दोन मिनिटांत उत्तर पाठवतोस आणि दोन मिनिटांत लिहिलेलं काही वाचायची मला आता इच्छा नाही. कागद पोचायला बारा दिवस लागतील. बघ जरा वाट. आम्हीही बघितली आहे.

तू विचारतोस, आई फोन का घेत नाही. तिला तुझ्याशी बोलायचं नाही म्हणून. फोन वाजतो, पडद्यावर तुझा फोटो येतो, ती तो बघते आणि फोन उशीखाली सारते. चार महिने हेच चाललंय. मी तिला शिकवलेलं नाही. जे झालं ते मी तिला सांगितलं, एवढंच.

काय झालं ते तुलाही एकदा लिहून देते, म्हणजे 'गैरसमज' हा शब्द पुन्हा वापरावासा वाटणार नाही. तिन्ही मेलमध्ये मिळून तो पाच वेळा आलाय.

तुझ्या विमानतळापासून आमच्या विमानतळापर्यंत सगळ्यात जवळचा मार्ग तेरा हजार एकशे किलोमीटरचा आहे. थेट विमान. दिवसाला दोन, तुमच्याकडून एक सकाळी साडेनऊला सुटतं, एक रात्री साडेनऊला. पंधरा तास वीस मिनिटं. वारा पाठीशी असला तर पंधरा, समोरून आला तर पावणेसोळा. हे मी कुठे वाचून लिहीत नाहीये. तेवीस वर्षं मी विमानांचे मार्ग आखते. कुठल्या वाटेने जायचं, किती उंचीवरून, किती इंधन घ्यायचं, वादळ मध्ये आलं तर कुठे वळायचं, हे सगळं ज्या कागदावर असतं त्याच्या खाली माझी सही असते. आधी बाबांची असायची. तेव्हा 'ताई, अंतरच एवढं आहे गं' हे तू दुसऱ्या कोणाला सांग.

गुरुवारी दुपारी चारला बाबा गेले. तुमच्याकडे पहाटेचे चार. तू पहिल्या रिंगला फोन उचललास, ते मान्य. 'निघतो' म्हणालास, तेही मान्य. संध्याकाळी दहनगृहाने शनिवारची वेळ दिली आणि मी ती तुला लगेच कळवली. तेव्हा तुमच्याकडे गुरुवारची सकाळ होती. रात्रीच्या विमानाला चौदा तास होते. त्या विमानात एक जागा रिकामी होती. माझ्या कामाच्या जागी बसून मी स्वतः बघितली. ते विमान शनिवारी उजाडायच्या कितीतरी आधी इथे उतरतं.

म्हणून शुक्रवारी दिवसभर आम्ही धरून चाललो की तू आकाशात आहेस. मी दर दोन तासांनी आईला सांगत होते. आता बर्फावरून चाललाय. आता बर्फ संपला. आता निम्म्याच्या पुढे आला. ती मान हलवायची आणि बाबांच्या खोलीच्या दाराकडे बघायची, जसं काही त्यांनाच सांगते आहे. आणि रात्री साडेनऊला तुझा निरोप आला. 'आत्ता विमानात बसलो. वेळेत पोचतो.'

आत्ता बसलो. म्हणजे दिवसभर मी आईला ज्या विमानाच्या गोष्टी सांगत होते त्यात तू नव्हतासच. एक रिकामी खुर्ची आम्ही जगभर फिरवून आणली. आणि 'वेळेत' म्हणे. साडेनऊ अधिक पंधरा तास वीस मिनिटं. ही बेरीज करायला मला कागद लागत नाही. दुपारी बारा पन्नास. दहनगृह सकाळी अकराला. मी लगेच फोन केला, तर तुझा बंद. मग पंधरा तास मला ठाऊक होतं की तू उशिरा येणार, आणि तू मात्र आरामात खुर्ची मागे करून झोपला असशील.

वरातीमागून घोडं ऐकलं होतं. प्रेतयात्रेमागून पहिल्यांदाच पाहिलं.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग आलाय, सांगू का. तू आपल्या घरात वाढलास. स्वयंपाकघरात एकावर एक दोन घड्याळं होती. खालचं घरचं. वरचं जगाचं, घरच्यापेक्षा पाच तास मागे. विमानाच्या कामात सगळे वरच्याच घड्याळाने चालतात, कारण विमान कुठल्याच गावाचं नसतं. आणि बाबांचा नियम. चार आकडे लिहिले की वरच्या घड्याळाची वेळ. घरची लिहायची तर पुढे सकाळ, दुपार, संध्याकाळ असा शब्द हवाच. चुकलं की चिठ्ठी परत. शाळेच्या सहलीची चिठ्ठीसुद्धा परत आली होती तुझी, तू रडला होतास. त्या घरातला पोरगा, आणि बापाच्या शेवटच्या वेळेला त्याला वेळ कळू नये.

तू तिकडे गेलास त्या दिवशी बाबांनी पृथ्वीचा गोल काढून त्यावर दोरा ताणला होता. तुझं गाव ते आपलं गाव. मग तो दोरा हातावर मोजला आणि आईला म्हणाले, 'रडतेस काय, एक वीत तर आहे.' गोलावर वीतच भरते, मीही नंतर मोजून बघितली. त्यांनी नऊ वर्षं त्या वितीवर काढली. तुला एका विमानात वेळेवर बसता आलं नाही.

फोन करू नकोस. उचलणार नाही.

ताई


२६ जुलै, शनिवार
वेळ ०५१५

शेपूट,

चार ओळींचं पत्र आठवड्यात पोचवायला एवढं तिकीट लावलंस. 'ताई, तुझं सगळं बरोबर आहे. मी काही म्हणत नाही. आईला एकदा फोन दे. तिचे कान दाखवून घे.'

सगळं बरोबर आहे म्हणे. भांडायचं तर धड भांड तरी. मी चार पानं भरून तुला फाडून खाल्लं आणि तू मान खाली घालून उभा. लहानपणीही असाच होतास. मी ओरडायची, तू गप्प, आणि मग आई मलाच रागवायची. करून सवरून नामानिराळा.

आणि कानांचं मला शिकवू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला काही लागत नाही. मागच्या मंगळवारी मी तिला दाखवून आणलं. काचेच्या खोलीत बसवून शिट्ट्या ऐकवल्या. डावा कान गेला आहे. उजवा जातो आहे. कानातलं यंत्र दिलं, ते तिने दुसऱ्या दिवशी ड्रॉवरमध्ये टाकलं, म्हणे त्यात सगळ्या जगाची खरखर येते आणि माणसाचं काही येत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, समोर बसून बोललेलं काही वर्षं कळेल. फोनवरचं मात्र सहा महिने, फार तर वर्ष. कदाचित त्याच्याही आत.

हे तुला कळवायचं की नाही यावर मी चार दिवस घालवले. कळवलं तर तू रोज दहा फोन करशील, आणि ती रोज दहा वेळा ते उशीखाली घालील, आणि ते मला बघावं लागेल. मी तिला परवा म्हटलं, बाई, घे एकदा त्याचा फोन, नंतर ऐकू यायचं नाही. तर म्हणाली, 'रिकामी जागा होती ना गं त्या विमानात? तूच म्हणालीस.' मी म्हटलं, होती. 'मग काय ऐकायचंय,' म्हणाली आणि मटार सोलायला लागली.

खोटं सांगू का तिला? नव्हती जागा म्हणून? मी खोटं बोलत नाही.

तू दारात उभा होतास ते मला रोज दिसतं. दुपारचे दोन. आम्ही सगळं आटोपून, अंघोळी करून, घरात पाहुणे बसलेले. एका हातात बॅग, एका हातात पोरगी. सात वर्षांची, झोपेने डोळे चिकटलेले. आजोबांना नुसतं फोनवर बघितलेली. मी तिच्यासमोर तुला काय काय बोलले ते मला आठवतं, आठवण करून देऊ नकोस. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस. तू माझ्या खांद्यावरून स्वयंपाकघरातल्या घड्याळाकडे बघितलंस. मग खिशातून फोन काढून बघितलास. मग परत ठेवलास आणि म्हणालास, 'उशीर झाला, ताई.' बस. घर पेटलेलं असताना माणूस घड्याळ बघतो का? मला वाटलं, परतीचं विमान बघतोय.

पोरीचं निमित्त सांगू नकोस. तिला घेऊन यायचं होतं म्हणून दोन जागा हव्या होत्या, म्हणून सकाळचं विमान, हे तू मावशीला सांगितलंस. मला नाही सांगितलंस. बापाच्या आधी पोरीची सहल.

दहनगृहाच्या कारकुनाचा शनिवारी सकाळी आठला फोन आला होता. ते असो. त्याचा इथे काही संबंध नाही.

आई बरी आहे. गुडघे दुखतात. वरचं घड्याळ बंद पडलंय, सेल आणायचाय.

ताई


३१ ऑगस्ट, रविवार
दुपारी

तू काय समजतोस रे स्वतःला?

थांब. नीट लिहिते.

दर ऑगस्टला आमच्या खोलीतल्या सगळ्यांची परीक्षा असते. पन्नाशीच्या माणसांना बाकावर बसवून पेपर लिहायला लावतात, आणि तपासायचे मी. आमच्यात एक जण आहे, त्याला सगळे 'वाफ' म्हणतात, कारण तोंडाची वाफ कधी संपत नाही त्याची. परवा मी त्याचे दोन गुण कापले. प्रश्न साधा होता. कागदावर नुसते चार आकडे आहेत, वेळ कुठली धरणार? ह्याने घरची धरली. मी लाल शाईने लिहिलं, 'शब्द नसेल तर जगाची वेळ. घरची असेल तर शब्द लिहा.' बाबांचंच वाक्य. अक्षरही त्यांच्यासारखं येतं माझं.

वाफ भांडायला आला. 'मॅडम, समोरच्याने समजून घ्यायचं ना. एवढं काय त्यात.' मी म्हटलं, 'समजून घेणाऱ्याचं विमान चुकतं.' सगळी खोली हसली. मीही हसले. फार छान बोलले असं वाटलं मला.

आज सकाळी वरच्या घड्याळात सेल घातला. पाच तास मागे लावायचं म्हणून खालचं बघितलं, अकरा वाजले होते. वरचं सहावर लावायचं. स्टुलावर उभी होते, काटा धरलेला, आणि मनात म्हणत होते, इथले अकरा म्हणजे तिथले सहा. तिथले अकरा म्हणजे इथले चार.

तशीच खाली उतरले आणि फोन काढला. वर वर सरकवत गेले. मार्चपर्यंत.

'शनिवार ११००. त्याआधी पोच.'

माझा निरोप. माझ्या हातचा. कारकुनाने 'अकरा' म्हटलं, मी कागदावर चार आकड्यांत उतरवून घेतलं आणि तसंच तुला पाठवलं. शब्द नाही. सकाळ नाही, दुपार नाही. तेवीस वर्षांत माझ्या एका कागदावर अशी चूक नाही, लोकांच्या पेपरात मी तिचे दोन गुण कापते. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

तू ती वरच्या घड्याळाची वेळ धरलीस. आपल्या घरच्या नियमाने. दुपारी चार. बारा पन्नासला उतरायचं, दोनला घरी, हातात दोन तास. पोरगी सोबत आणता येत होती, म्हणून एका जागेचं विमान सोडून दोन जागांचं घेतलंस. वेळेत पोचतो, म्हणालास. आणि वेळेत पोचलास.

दारात उभं राहून तू वरच्या घड्याळात बघितलंस तेव्हा नऊ वाजले होते. मग फोन काढून माझा निरोप बघितलास. तेव्हाच तुला कळलं. मी तुला शिव्या घालत होते, पाहुणे ऐकत होते, पोरगी रडायला लागली होती, आणि तुझ्या हातात माझी चूक होती. तू ती खिशात घातलीस.

का?

मला उत्तर हवंय. कोणी सांगितला होता हा मोठेपणा? नियम मी मोडला. तू पाळलास, तेरा हजार किलोमीटरवर नऊ वर्षं राहून पाळलास, आणि मी तुला म्हणाले की तू हे घर विसरलास. तेव्हाही गप्प. पत्रात चार पानं लिहिली, तरी 'तुझं सगळं बरोबर आहे'. दया करत होतास माझ्यावर? बिचारी, बाप गेलाय, तिला सांभाळून घेऊ. मला नको होतं सांभाळून. मला दोन गुण कापून हवे होते, तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर.

तू एक वाक्य बोलला असतास तर आई पाच महिने तुझ्याशी बोलली असती. ऐकू येत होतं तिला तेव्हा.

आणि हेही लिहिते, कारण सगळं पाप माझ्या पदरात घालून तू मोकळा होऊ नकोस. दुसऱ्या विमानाने येतोय, एवढी एक ओळ शुक्रवारी आधीच लिहायला काय धाड भरली होती? पोरीच्या पासपोर्टमागे धावत होतास, ठाऊक आहे. तरी एक ओळ.

आईला अजून सांगितलेलं नाही.


१ सप्टेंबर, सोमवार
सकाळी

कालचं पत्र टाकलं नाही. हे त्याच पाकिटात घालते.

कारकुनाचा फोन. त्याचा संबंध आहे.

शनिवारी सकाळी आठला तो म्हणाला, दुपारी तीनची एक वेळ रिकामी झाली आहे, कोणाची तरी पुढे गेली. तुमचं कोणी लांबून येणार आहे असं म्हणाला होतात, हवी तर तीनची घ्या. चांगला माणूस होता. स्वतःहून फोन केला त्याने.

तेव्हा मला ठाऊक होतं की तू बारा पन्नासला उतरणार. मिनिटासकट ठाऊक होतं. तीनला तू आरामात पोचला असतास. आई शेजारी बसली होती, तिला फोनमधलं ऐकू आलं नाही.

मी म्हटलं, 'नको. अकरा म्हणजे अकरा.'

रात्रभर तुझ्यावर जळत होते मी. वाटलं, येऊ दे, दार उघडल्यावर कळू दे त्याला. माझ्या हातात चार तास देत होता तो कारकून, आणि मी ते तुला द्यायला नाही म्हणाले. निरोपातली चूक झाली असेल चुकून. ही नाही झाली चुकून.

आता तूही शिव्या घाल. पण चार ओळींत नको.

ताई


१२ सप्टेंबर, शुक्रवार
संध्याकाळी

शेपूट,

हे कागदावर लिहून त्याचा फोटो काढून तुला पाठवते आहे. बारा दिवस आता परवडत नाहीत.

आईला मंगळवारी सांगितलं. सात दिवस मी रोज ठरवत होते, आणि रोज काहीतरी निघत होतं. मंगळवारी दुपारी ती पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती, मी समोर बसले आणि हळूच म्हटलं, 'आई, ते वेळेचं चुकलं होतं, त्याचं नाही, माझं.' ती म्हणाली, 'काय?' मी परत म्हटलं. ती म्हणाली, 'मोठ्याने बोल गं, तोंडातल्या तोंडात काय.'

मग मोठ्याने म्हटलं. तरी कळेना. उकाडा अजून सरलेला नाही, खिडक्या सगळ्या उघड्या, समोरच्या गच्चीवर दोघी कपडे वाळत घालत होत्या, जिन्यात कोणी तरी चढत होतं. मला हे सगळं ओरडून सांगावं लागलं. निरोप मी चुकीचा पाठवला. तो वरच्या घड्याळाने आला. तीनची वेळ मिळत होती, मी नाही म्हटलं. एकेक वाक्य दोनदा, तीनदा. गच्चीवरच्या बायका कपडे धरून उभ्या राहिल्या. पाच महिने मी तुझ्या नावाने जेवढी ओरडले तेवढं सगळं मला एका दुपारी परत ओरडावं लागलं, स्वतःच्या नावाने. बरं झालं.

ऐकून झाल्यावर आईने हातातला टॉवेल घडी करून ठेवला.

'म्हणजे तो वेळेत आला होता?'

'हो.'

'वेळेच्या आधी?'

'दोन तास आधी.'

'आणि तीनला तू नाही म्हणालीस.'

मी मान हलवली. ती उठली, गुडघे धरत स्वतः खिडकी लावून आली आणि म्हणाली, 'फोन लाव.' मी म्हटलं, आत्ता तिकडे पहाट आहे, झोपला असेल. म्हणाली, 'पाच महिने कोण झोपलंय? लाव.'

पुढचं तुला माहीत आहे. पण तुला फोनच्या तिकडचं माहीत आहे, इकडचं नाही. ते सांगायला हे पत्र.

तू 'आई' म्हणालास. ती हसली आणि म्हणाली, 'हो, जेवले.' तू म्हणालास, आई, रडू नकोस. ती रडत नव्हती. ती म्हणाली, 'पोरीला शाळा आहे ना आज?' तू विचारलंस, आई, ऐकू येतंय का? सात वेळा विचारलंस, मी मोजलं. ती दर वेळी 'हो, हो' म्हणाली. तू बाबांबद्दल काहीतरी सांगायला लागलास, बराच वेळ, मध्ये थांबून थांबून. मी स्पीकरवर ऐकत होते, मला ऐकायचं नव्हतं पण ऐकलं. तिने सगळं होईपर्यंत फोन कानाला घट्ट लावून धरला होता. शेवटी म्हणाली, 'बरं, ठेवते, बिल येईल.'

तुला वाटलं असेल ती अजून रागात आहे. मेलमध्ये तू तसंच विचारलंस.

फोन ठेवल्यावर तिने मला विचारलं, 'आवाज तोच आहे का गं त्याचा?' मी म्हटलं, म्हणजे? तर म्हणाली, 'मला नुसती घरघर येत होती. तू ऐकलंस ना, तोच आहे ना?'

डॉक्टरीणबाईंनी सहा महिने म्हटलं होतं. दीडच झाला. ही बेरीज मला करता आली नाही.

बुधवारी परत घेऊन गेले. म्हणाल्या, फोनचं विसरा. त्यांनी मग एक करून दाखवलं. आईच्या उजव्या बाजूला बसल्या, कानापासून तोंड जरा लांब धरलं आणि साध्या आवाजात म्हणाल्या, 'आजी, नातीचं वय काय?' आई चटकन म्हणाली, 'सात. ऑक्टोबरात आठ होईल.' ओरडायचं नाही, ओरडलं की फाटतं. लांबून नाही. फोनमधून नाही. घरी आल्यावर मी स्वतः करून बघितलं, मागे सरकत सरकत. किती लांबून कळतं ते हाताने मोजलं.

एक वीत.

मी तुझी माफी मागणार नाही या पत्रात. कागदावर मागून टाकली की सोपं होतं. आणि तू गप्प बसलास त्याचा राग माझा अजून गेलेला नाही, तो समोरासमोर काढायचाय. तूही तुझा काढ. पोरीला आत झोपवू आणि भांडू, दार लावून, धड भांडू.

पण त्याच्या आधी ऐक. येत्या शुक्रवारी, १९ सप्टेंबरला, तुमच्याकडून सकाळी साडेनऊला सुटणारं विमान. आज त्यात सहा जागा रिकाम्या आहेत. दोन घे. शनिवारी, २० तारखेला, दुपारी बारा वाजून पन्नास मिनिटांनी उतरशील. खालच्या घड्याळाने. दुपारी. शब्द लिहिलाय, बघून घे. विमानात बसल्यावर नाही, तिकीट घेतल्यावर कळव.

त्या दिवशीचं ते विमान मी मागून घेतलंय. वाट मी आखणार. तुमच्या पायलटच्या हातात जो कागद येईल त्याच्या खाली माझी सही असेल. हवामान बरं दिसतंय, वारा पाठीशी राहील असं वाटतं, म्हणजे वीस मिनिटं वाचतील.

घरात आलास की माझ्याकडे बघत थांबू नकोस, घड्याळाकडेही नको. सरळ आत जा. ती खिडकीजवळच्या पलंगावर बसलेली असते. तिच्या उजव्या बाजूला बस. फोनवर बाबांबद्दल जे सांगत होतास ते पहिल्यापासून परत सांग, साध्या आवाजात. तिने त्यातला एक शब्द ऐकलेला नाही.

तेरा हजार एकशे किलोमीटरचं मी बघते. उरलेल्या वितीवर तेवढा तू ये.

ताई